कोकणातल्या दमट हवेत जुन्या फँटसी मिनी रंगवायच्या आणि बेस करायच्या कशा

मिनी म्हणजे फँटसी खेळांतल्या योद्ध्या-राक्षसांच्या बोटाएवढ्या मूर्ती, आणि बेस म्हणजे त्यांच्या पायाखालची सजवलेली चकती. नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो रंग कुठले घेऊ, ब्रश कितीचा घेऊ. मी म्हणतो आधी हवा बघा. आपल्याकडे दापोली-गुहागरपासून खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत पावसाळ्यात भिंती घाम सोडतात, पापड मऊ पडतात, कपाटातल्या चामडी चपलांवर बुरशी येते, आणि अशा ठिकाणी कुठल्यातरी कोरड्या देशातला माणूस व्हिडीओत जे करतो ते जसंच्या तसं करायला गेलात तर प्रायमर (रंग धरावा म्हणून आधी मारायचा थर) पिठासारखा बसणार, वार्निश धुरकट होणार, आणि मिनी शिशाची असेल तर ती डब्यातल्या डब्यात कुजणार. म्हणून हे सगळं आपल्या हवेच्या हिशोबाने सांगतोय.

आधी हातात काय आलंय ते ओळखा. आपल्या बाजूला या वस्तू बहुतेक बोटीवर नोकरीला असलेल्या काका-मामांच्या ट्रंकेतून निघतात, नाहीतर मुंबईत कोणीतरी जुना लॉट काढतो त्यातून येतात. सत्तरच्या दशकाच्या शेवटापासून नव्वदच्या सुरुवातीपर्यंत अमेरिकेतल्या राल पार्था, ग्रेनेडिअर आणि इंग्लंडमधल्या सिटाडेल यांच्या ज्या धातूच्या मिनी निघाल्या त्यात शिसं भरपूर, मग नव्वदच्या दशकात शिसं हळूहळू बंद होत गेलं. ओळखायचं सोपं आहे, आकाराच्या मानाने जड लागते, तलवार बोटाने सहज वाकते (वाकवून बघू नका, परत सरळ करताना तुटते), आणि बूड कोऱ्या कागदावर घासलं तर करडी रेघ उमटते. सिटाडेलच्या मिनीला पायाखाली धातूचीच चकती ओतलेली असेल तर ती साधारण ऐंशीच्या दशकाच्या मध्याआधीची, आणि पायाखाली नुसती पट्टी असेल तर प्लास्टिकच्या खाचेच्या बेसवर बसणारी, म्हणजे नंतरची.

शिसं आहे म्हटल्यावर थोडी शिस्त लागते. ब्रशचं टोक ओठांनी काढायची सवय असेल तर ती सोडाच. कानस मारताना मिनी आणि कानस दोन्ही ओले ठेवा म्हणजे धूळ उडत नाही, काम पेपर पसरून करा आणि तो पेपर टाकून द्या, झाल्यावर हात साबणाने धुवा. घरात रांगतं पोर असेल तर टेबल उंचावर. एवढं केलं की पुरे, त्यापुढे घाबरायचं कारण नाही.

आता पांढरी भुकटी. जुन्या मिनीच्या खाचांत, पायाशी, कधी रंगाखालून फुगून आलेली पांढरट पावडर दिसली तर ती बुरशी नव्हे, शिसं सडतंय. दमट हवा आणि ॲसिटिक ॲसिडची वाफ एकत्र आली की शिशावर कार्बोनेट तयार होतं, आणि ही वाफ येते कुठून तर लाकडातून, एमडीएफमधून (लाकडाचा भुसा दाबून केलेला फळा), पुठ्ठ्यातून. म्हणजे आज्जीच्या काळचं लाकडी कपाट आणि त्यात बुटाचा खोका, ही आपल्याकडची ठेवायची सगळ्यात कॉमन जागा, आणि शिशासाठी सगळ्यात वाईट. अशी मिनी पाण्याखाली जुन्या टूथब्रशने हलक्या हाताने घासा, कोरडी असताना घासू नका कारण ती पावडर नाकात जाते. मग लगेच पुसून पूर्ण वाळवा आणि वेळ न घालवता प्रायमर मारा. घरात कोणीतरी सांगणारच की चिंच लाव, आगळ लाव, तांब्या कसा चकचकीत होतो बघ. नको! आंबट काहीही शिशाजवळ नेऊ नका, व्हिनेगर तर नकोच नको. खाऊन गेलेलं नाक किंवा बोट परत येत नाही, ते नंतर पुटीने करायचं.

जुना रंग काढायला मला अजून डेटॉलहून सोयीचं काही मिळालेलं नाही, तेच आपलं तपकिरी, वासाचं, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळणारं. काचेच्या बरणीत मिनी बुडेल इतकं घ्या, पाणी अजिबात घालू नका, झाकण लावा आणि रात्रभर किंवा चोवीस तास ठेवा. ग्लोव्हज घालून टूथब्रशने घासलं की रंग साल निघाल्यासारखा निघतो. इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची ती म्हणजे बाहेर काढल्यावर लगेच नळाखाली धरायची नाही, पाणी लागलं की सुटलेल्या रंगाचा चिकट चिखल होतो आणि तो परत खाचांत जाऊन बसतो, म्हणून आधी थोड्या स्वच्छ डेटॉलमध्येच घासून खळबळून घ्या, मग भांडी घासायचा लिक्विड सोप, आणि मग पाणी. वास दोन दिवस घरात राहतो, त्यामुळे हे काम पडवीत करा. ॲसिटोन धातूला चालतं पण प्लास्टिकची मिनी विरघळवतं, आणि जुन्या लॉटमध्ये धातूच्या अंगाला प्लास्टिकची ढाल असं मिश्रण असतं तेव्हा बघून. कॉस्टिक सोडा कोणी सुचवला तर सरळ नाही म्हणा, हातही भाजतील आणि धातूही खराब होईल.

तुटलेले हात, हललेले पाय. फेविक्विक आपल्या हवेत झटकन धरतं कारण ते ओलाव्यानेच घट्ट होतं, पण त्याच ओलाव्यामुळे सांध्याभोवती पांढरा धूर बसतो, म्हणून थेंब अगदी छोटा आणि काम प्रायमरच्या आधीच उरका. जड धातूचा हात नुसत्या गोंदावर राहत नाही, १ मिलीमीटरच्या बिटने दोन्हीकडे भोक पाडून पेपरक्लिपच्या तारेचा तुकडा घाला. फटी भरायला एम-सील बेस्ट, बोट पाण्यात बुडवून दाबलं की चिकटत नाही. तुटलेल्या भाल्याला मी झाडूतला नारळाचा हीर लावतो, तासून बारीक करायचा, वर फेविक्विकचा हात द्यायचा, सरळ असतो, कडक असतो आणि फुकट. तार जास्त टिकते हे मान्य, पण हिराला लाकडी दांड्याचा पोत आपोआप येतो तो तारेला येत नाही.

प्रायमर हा खरा कोकणाचा प्रश्न. स्प्रे कॅनला हवेतली आर्द्रता साधारण ७० टक्क्यांच्या खाली लागते. मिरग लागल्यापासून दसऱ्यापर्यंत ते आपल्याकडे विसरा. हवेतली ओल मोजणारा एक छोटा डिजिटल हायग्रोमीटर घेऊन टेबलावर ठेवा, स्वस्तात मिळतो, आणि त्याचं ऐका, मनाला वाटलं ऊन आहे म्हणून मारला असं नको, श्रावणात ऊन पडतं तेव्हाही हवा ओलीच असते. दिवाळीनंतर शिवरात्रीपर्यंतचे दिवस सोन्याचे, त्यातही पहाटे नको कारण दव असतं, ऊन चढून खळं तापलं की मग, आणि दुपारचा समुद्रावरचा वारा सुटायच्या आत. कॅन हलवताना कंटाळू नका, २० ते २५ सेंटीमीटरवरून, झटक्यात सुरू झटक्यात बंद, दोन पातळ हात. वर्षभराच्या मिनी या दिवसांतच प्रायमर करून डब्यात भरून ठेवायच्या, मग पावसात लाईट गेलेली असो नसो, बसून रंगवता येतात.

ज्यांना पावसातच सुरुवात करायची आहे त्यांनी ब्रशने लावायचा ॲक्रेलिक प्रायमर घ्यावा. पातळ लावा, चेहऱ्यावर तळं साचू देऊ नका, आणि लावल्यावर निदान एक पूर्ण दिवस हात लावू नका. वरून सुकलेला दिसतो पण आत ओला असतो आणि नखाने सालपट निघतं. गाड्यांचा मेटल प्रायमर धातूच्या मिनीवर छान धरतो, प्लास्टिकवर मारायचा असेल तर आधी फालतू तुकड्यावर ट्राय करा.

रंगांचं म्हणाल तर मिनीसाठीचे खास ड्रॉपर बाटलीतले रंग मागवलेत तर उत्तम, नाहीतर रत्नागिरी-चिपळूणच्या कुठल्याही बऱ्या स्टेशनरीत मिळणारे आर्टिस्ट ॲक्रेलिक चालतात. कापडावरचे रंग मात्र जाड असतात, बारीक खाचा बुजवतात, ते बेससाठी ठेवा. ब्रश ३ झिरोचा घेऊ नका, त्यात रंग मावतच नाही आणि टोकावरच सुकतो, १ नंबरचा चांगल्या टोकाचा सिंथेटिक घ्या, त्यानेच डोळेसुद्धा होतात. ड्रायब्रशला, म्हणजे जवळजवळ कोरड्या ब्रशने उंचवट्यांवर रंग घासायला, मेकअपचा गोल ब्रश.

रंग ओले ठेवणारं वेट पॅलेट घरी करा, चपटा झाकणाचा डबा, त्यात पाणी शोषलेला टिश्यू, वर बेकिंगचा बटर पेपर. आपल्याकडे याला चार दिवसांत वास मारायला लागतो, म्हणून टिश्यूखाली तांब्याच्या तारेचा तुकडा टाकायचा आणि पाणी बदलत राहायचं. खरं म्हणजे जुलैत वेट पॅलेटची गरजच नसते, साध्या बशीत रंग अर्धा तास ओला राहतो, तो लागतो एप्रिल-मेमध्ये, पंख्याखाली बसलात की.

रंगवण्याचा क्रम जुनाच. पातळ रंगाचे दोन हात, मग गडद वॉश (खाचांत उतरणारा अगदी पातळ रंग), मग उंचवट्यांवर पुन्हा मूळ रंग, मग कडांना एक उजळ रेघ. जुन्या मिनींची गंमत ही की त्यांचं कोरीवकाम हाताने केलेलं असतं, खाचा खोल, सुरकुत्या ठसठशीत, त्यामुळे वॉश अर्धं काम करून देतो. आजकालच्या कॉम्प्युटरवर बनवलेल्या मिनीला जितकं ब्लेंडिंग (छटा एकमेकींत मिसळणं) करतात तितकं यांना करू नका, त्यांना ते शोभत नाही असं माझं मत. भडक लाल झगा, पिवळी ढाल, हिरवा ऑर्क, ऐंशीच्या दशकात असेच रंगवायचे आणि तसेच ते जिवंत दिसतात. वॉश विकत नको असेल तर गडद तपकिरी रंग, भरपूर पाणी, थोडं मॅट मीडियम आणि लिक्विड सोपचा अगदी किंचित स्पर्श. पावसात वॉश सुकायला वेळ घेतो, तेवढ्यात तो खाली उतरून पायाशी गोळा होतो, कोरड्या ब्रशचं टोक लावून जादाचा उचलून घ्या. आणि खिडकीला जाळी असू द्या, पहिल्या पावसानंतर दिव्यावर जी पाखरं येतात ती बरोब्बर ओल्या झग्यावरच येऊन बसतात.

डोळे. यात आपल्याला शिकायला बाहेर कुठे जायची गरज नाही, जुलै-ऑगस्टमध्ये जवळच्या गणपतीच्या शाळेत जाऊन आखणी करणाऱ्याच्या हाताकडे बघत उभे राहा. करंगळी कुठेतरी टेकलेली असते, दोन्ही मनगटं एकमेकांना किंवा मांडीला लागलेली, ब्रश नाही तर मूर्ती फिरते, आणि रेघ एका दमात जाते. मिनीलाही तेच, ती बाटलीच्या बुचावर चिकटवून बूच फिरवायचं. फरक एवढाच की शाळेत डोळे सगळ्यात शेवटी होतात आणि मिनीत आधी करायचे, कारण २५ मिलीमीटरच्या माणसाच्या डोळ्याची रेघ हमखास गालावर जाते आणि मग कातडीच्या रंगाने ती आतून-बाहेरून कापून घेता येते. आधी खोबणीत गडद तपकिरी, मग पांढऱ्याऐवजी मळका सायीसारखा रंग आडवा, मग वरपासून खालपर्यंत उभी काळी रेघ. नुसता ठिपका दिलात की मिनी दचकलेली दिसते. गॉब्लिनला हे सगळं नकोच, पिवळा ठिपका, वर लाल, झालं.

बेस हा माझा आवडता भाग, आणि इथे कोकण सगळं फुकट देतं, फक्त ते नीट तयार करून घ्यायला हवं.

आधी चकती. जुनी प्लास्टिकची असेल तर तीच वापरा, खाच एम-सीलने बुजवा. नवीन हवी तर नेमप्लेट करणाऱ्या लेझरवाल्याकडून २५ मिलीमीटरच्या ॲक्रेलिकच्या चकत्या कापून घ्या, एमडीएफच्या नकोत, ओल धरून फुगतात आणि शिशाला तीच वाफ देतात जी कपाट देतं. हार्डवेअरचा लोखंडी वॉशर चालतो पण सगळ्या बाजूंनी प्रायमर मारून, नाहीतर पहिल्याच पावसात कडेने गंज फुटेल.

वाळू समुद्रावरून आणलीत तर ती थेट चिकटवू नका. तिच्यात मीठ असतं, मीठ हवेतलं पाणी ओढतं, गोंद सैल पडतो, वर पांढरी खार फुटते आणि शिसं जवळ असेल तर त्याचंही नुकसान. बादलीत गोड्या पाण्यात चार-पाच वेळा धुवा, एक रात्र भिजवा, पुन्हा धुवा, उन्हात वाळवा आणि शेवटी जुन्या तव्यावर भाजून घ्या. मग चहाच्या गाळणीतून चाळा. चाळायचं कारण स्केल, २८ मिलीमीटरच्या मिनीच्या जगात १ मिलीमीटरचा दाणा म्हणजे साधारण ६ सेंटीमीटरचा धोंडा, त्यामुळे सगळी वाळू एकसारखी जाडी टाकली तर ते रस्त्याच्या कामावरची खडी वाटते. बारीक जास्त, मध्यम थोडी, मोठे दोन-तीन खडे. रत्नागिरीवाल्यांची मजा आहे, पांढऱ्या समुद्रावरची एक आणि मांडवीची काळी एक, एकाच गावात दोन रंग, काळी वाळू अंडेड लोकांना (सांगाडे, भुतं वगैरे) रंग न देताच जमते.

पण वाळूपेक्षा मला जांभा आवडतो. कुठेही घराचं काम चालू असेल तिथे फुटक्या चिऱ्याचे तुकडे पडलेले असतात. हातोडीने फोडा, डोळ्यावर चष्मा घाला, मोठे छिद्राछिद्राचे तुकडे म्हणजे तयार खडक, मधला भुगा म्हणजे जमीन आणि तळाशी जी लाल धूळ राहते ती लोहाच्या ऑक्साईडमुळेच लाल असते, म्हणजे फुकटचं पिगमेंट, बुटांवर आणि झग्याच्या काठावर कोरड्या ब्रशने थोपटा, कोकणातून चालत आलेला योद्धा. जांभा गोंद पितो, म्हणून आधी पाण्यात पातळ केलेल्या फेविकोलचा एक हात, तो सुकला की मग चिकटवा. फेविकोलही मरीन घ्या, साधा ओल्या हवेत परत मऊ पडतो. आणि पांढरा गोंद जुना झाला की त्यातूनही थोडी ॲसिटिक वाफ सुटते, त्यामुळे शिशाचे पाय प्रायमर झाल्याशिवाय गोंदाला लागू देऊ नका.

सड्याचा, म्हणजे कातळाच्या पठाराचा, बेस करून बघाच. चकतीवर एम-सीलचा सपाट थर, वर जांभ्याचा तुकडा दाबून त्याच्याच पोताचा ठसा उठवायचा, आणि घट्ट व्हायच्या आत सुईने कातळशिल्प कोरायचं, मासा, हरीण, नाहीतर दोन पाय बाहेर वळलेला माणूस. राजापूर-रत्नागिरीच्या सड्यांवरची ही शिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली, कशेळीचा हत्ती बघितला असेल तर कल्पना येईल, त्याच्या पोटात इतर प्राणी कोरलेत. एखाद्या जादूगाराच्या पायाखाली असं शिल्प दिलं की वेगळी रून (जादूचं अक्षर) वगैरे काढायची गरज नाही. रंग द्यायचा तर गडद तपकिरी, वर विटकरी ड्रायब्रश, कडांना राखाडी, आणि शिल्पाच्या रेघेत काळपट वॉश.

खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या दलदलीचा, बेस पण सोपा आहे. तपकिरी रंग, फेविकोल आणि बारीक वाळू कालवून चिखल, त्यात नारळाच्या सोडणातला काथ्या आखूड कापून उभा खोचायचा, तो तिवरांच्या वर आलेल्या मुळांसारखा दिसतो, आणि शेवटी खळग्यात ग्लॉस वार्निशचे पातळ पातळ चार-पाच थर म्हणजे पाणी. रेझिन ओतायचं असेल तर ते हिवाळ्यात, दमट हवेत ते ढगाळ होतं. समुद्रफेस (माकुळाचं पांढरं हाड) किनाऱ्यावर सापडतो तो पण गोळा करून धुऊन ठेवा, सुरीने कापला जातो आणि तुटलेल्या खांबाला, पडक्या भिंतीला एकदम परफेक्ट.

भिंतीवरचं खरं शेवाळ, वाळवलेली चहापावडर, सुकी पानं, हे लोक करतात पण आपल्याकडे मी सांगणार नाही. कितीही सुकवलं तरी आषाढात त्यावर बुरशी येतेच. हिरवळ हवी तर विकतचं स्टॅटिक ग्रास (गवतासारखे बारीक कृत्रिम तंतू) थोडं घ्या, खूप दिवस पुरतं.

बेसची कड. नव्वदच्या दशकात सगळे कडा भडक हिरव्या करायचे, आता सगळे काळ्या नाहीतर तपकिरी करतात. जुन्या मिनीला मी हिरवीच करतो, सड्याचा बेस असेल तर मात्र विटकरी.

वार्निशला प्रायमरचेच नियम, उलट जास्त कडक, कारण इथे बिघडलं तर झालेल्या कामावर पांढरा पडदा बसतो. पावसात स्प्रे मॅट वार्निश अजिबात नाही. ब्रशने लावायचं ॲक्रेलिक मॅट घ्या, बाटली चांगली हलवा, पातळ लावा. खेळायला वापरणार असाल तर आधी एक ग्लॉस हात आणि वर मॅट, बोटांचा घाम ग्लॉसच अडवतो. पांढरं पडलंच तर घाबरू नका, कोरड्या दिवशी वरून ग्लॉसचा हात दिला की बऱ्याचदा साफ होतं.

ठेवायच्या कशात? झाकण घट्ट बसणारा प्लास्टिकचा डबा, तळाला पातळ मॅग्नेट शीट, बेसखाली वॉशर, म्हणजे हलत नाहीत. आत सिलिका जेलची पाकिटं, रंग बदलणारी घ्या, रंग बदलला की दाणे जुन्या कढईत मंद आचेवर फिरवून परत वापरता येतात, फक्त ती कढई परत स्वयंपाकाला नको. मे अखेर डबे भरून बंद करा आणि गणपतीच्या आधी एकदा उघडून शिशाच्या मिनींचे पाय आणि खाचा बघा. बाहेरून नवीन आलेली जुनी मिनी धुऊन, प्रायमर होईपर्यंत या डब्यात टाकू नका, तिला वेगळी बरणी द्या, आणि ती ज्या पुठ्ठ्याच्या खोक्यातून आली तो खोका घरात ठेवूच नका.